बदलीवरचा माणूस

ती दार ढकलून आत आली, तेव्हा तिच्या खुर्चीवर एक अनोळखी माणूस बसला होता आणि तिचा ब्रश त्याच्या ओठांत होता.

पोर्सेलीनचे दात घडवणारे लोक ब्रशाचं टोक असंच ओठांनी नीट करतात. करू नये म्हणतात, तरी करतात. तीही करायची, आणि शेजारच्या टेबलावर कवळ्या बनवणाऱ्या काकांची बोलणी खायची. पण हा ब्रश तिचा होता. तिनं स्वतः निवडून आणलेला, दांड्याला निळा दोरा गुंडाळलेला. त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हे सगळ्या लॅबला ठाऊक होतं.

"उठा," ती म्हणाली.

त्यानं भिंगाचा चष्मा कपाळावर सरकवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. डोक्याला घट्ट बांधलेला पिवळा रुमाल, विरळ झालेल्या भुवया, कमरेवर ठेवलेले दोन्ही हात...

"आपण कोण?"

"या खुर्चीची मालकीण. आणि त्या ब्रशाचीसुद्धा."

तो घाईनं उठला आणि त्याचे दोन्ही गुडघे टेबलाच्या फळीवर खाडकन आपटले. माणूस ताडमाड उंच आणि खुर्ची अगदी खाली केलेली, तिच्या बेताची. इतके दिवस हा गुडघे छातीशी घेऊन बसत होता की काय? बाजूला दांडी आहे, ती ओढली की खुर्ची वर घेता येते, एवढंही कळू नये? तिनं तसं विचारलंही.

"कळलं होतं," तो गुडघा चोळत म्हणाला. "पण कुणीतरी ती मापानं लावून ठेवलेली दिसत होती. म्हटलं, ते परत येतील तेव्हा पुन्हा सगळं जुळवत बसावं लागेल त्यांना."

ती भांडायच्या पूर्ण तयारीत होती. या उत्तरानं तिची पंचाईत झाली.

लॅब म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. गावभरच्या दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे साचे यायचे, वर त्यावरून कॅपा, ब्रिज आणि कवळ्या तयार व्हायच्या. पुढचे दात, म्हणजे हसल्यावर दिसणारे, हे तिचं काम. ती दात असा घडवायची की शेजारचा खरा दातसुद्धा फसावा. मग तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, एक बाजू गेली, केमो सुरू झाली. साहेबांनी, म्हणजे लॅबच्या मालकांनी, अगदी ठणठणीत होऊनच ये म्हणून सांगितलं. ते प्रेमानं बोलले असंच तिला तेव्हा वाटलं होतं. तिच्या जागी कुणाला तरी बदलीवर घेतलंय, हे मात्र तिला कुणी कळवलं नव्हतं.

आणि ठणठणीत होईपर्यंत घरी बसणं तिच्यानं होणार नव्हतं. घरी आई होती. आई तिला उठू देत नव्हती, वाकू देत नव्हती, शेजारणीसमोर येऊ देत नव्हती. आईनं एक टोप आणून ठेवला होता, काळ्याभोर केसांचा. तो घातला की आपल्या डोक्यावर मांजर झोपलंय असं तिला वाटे. एकदा भांडी पुसता पुसता आई स्वतःशीच म्हणाली होती, "आता हे असं झाल्यावर..." आणि पुढचं तिनं गिळलं होतं. गिळलेलं तिला बरोबर ऐकू आलं होतं. आता हिला कोण करून घेणार!

कामावर परत जा, असं तिला एकटी वाटाडी मावशी म्हणाली होती.

वाटाडी मावशीच्या छातीवरच्या बिल्ल्यावर 'रुग्ण मार्गदर्शक' असं लिहिलेलं असे. वाटाडी हे नाव पेशंट लोकांनी ठेवलेलं. पूर्वी ती नर्स होती. आता एवढ्या मोठ्या इस्पितळात कुणी कुठल्या खिडकीशी जायचं, कुठली तपासणी आधी, कुठली नंतर, डॉक्टरांना काय विचारायचं राहून गेलंय, हे सगळं ती बघायची. तिच्यापाशी चालण्याचा एकच वेग होता, आणि पेशंटला त्या वेगानं धापा टाकत मागे जावं लागे. पहिल्या भेटीत बाकी सगळ्यांनी कसं वाटतंय म्हणून विचारलं. मावशीनं विचारलं, काम काय करतेस, आणि ते सोडायचंय का?

नाही, असं म्हणताना ती ढसाढसा रडली होती. मग ठरलं तर, असं म्हणून मावशीनं तिचं केमोचं सलाईन शुक्रवारी घेतलं. म्हणजे वाईट दिवस शनिवार-रविवारात जातील आणि आठवड्याच्या मधोमध ती पायांवर उभी असेल. वर बजावलं, की साहेबांपुढे रडगाणं गायचं नाही. आपल्याला काय झालंय ते थोडक्यात, आणि काय लागेल ते सविस्तर सांगायचं.

तिनं तसंच सांगितलं. सलाईनच्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी लागेल, दुपारी थोडा वेळ पडायला जागा लागेल, आणि कवळ्यांच्या रसायनाचा वास सोसत नाही, म्हणून टेबल खिडकीकडे सरकवावं लागेल. साहेब ऐकताना सारखे तिच्या खांद्यावरून पलीकडच्या भिंतीकडे बघत होते. मग म्हणाले, की तिनं आतल्या खोलीत बसून तयार कामांचे डबे भरावेत, तेवढाच विरंगुळा. शिवाय दवाखान्यांची माणसं येतात-जातात, त्यांना उगाच...

"माझं काम पुढच्या दातांचं आहे," ती म्हणाली. "आणि तुम्ही मलाच मागे लपवणार?"

साहेबांनी टेबल रिकामं नसल्याचं कारण काढलं. तेव्हा दारात उभा असलेला तो ताडमाड माणूस मधे बोलला. टेबल चांगलं लांबरुंद आहे, म्हणाला, आपण स्टूल घेऊन कडेला बसू.

अशी एका टेबलाला दोन माणसं झाली. ती त्याला बदलीराव म्हणू लागली, अपमान म्हणूनच. त्यानं तो अंगाला लावून घेतला नाही. उलट तो तिला मालकीणबाई म्हणू लागला. काका कवळी घासता घासता मिशीत हसायचे.

तो कामाला वाईट नव्हता, पण त्याचे दात तिला फार गुळगुळीत वाटायचे. दात खरा वाटायला त्यात थोडी खोट लागते, असं तिनं त्याला ऐकवलं.

"म्हणजे तुमच्या वरच्या डाव्या सुळ्यासारखी?" त्यानं विचारलं. "जरासा बाहेर आलाय तो. हसलात की आधी तोच येतो."

"तुम्ही माझे दात बघता?"

"धंदाच आहे, मालकीणबाई. पण सगळ्यांचे काही इतक्या वेळा बघत नाही..."

तिनं ब्रश पाण्यात बुडवला आणि बराच वेळ बुडवतच राहिली.

दात भाजायची भट्टी तिच्या पाठीशीच होती. एके दिवशी दुपारी ती इतकी तापली की रुमालाखालून घामाच्या धारा लागल्या. डोकं खाजायला लागलं. तिनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं, आणि मनात म्हणाली, गेलं खड्ड्यात. रुमाल सोडून तिनं खुर्चीच्या पाठीवर टाकला.

प्लास्टर कालवणाऱ्या दोघी प्लास्टरमध्येच बघू लागल्या. काकांनी कवळी डोळ्यांच्या अगदी जवळ धरली. फक्त त्यानं मान वळवून तिच्याकडे सरळ पाहिलं, नवीन साचा बघतात तसं, चहू बाजूंनी.

"कानामागे तीळ आहे तुमच्या," तो म्हणाला. "कधीपासून लपून बसला होता?"

"मलाच माहीत नव्हतं," ती म्हणाली, आणि तिचा तो सुळा बाहेर आला. त्या दिवसानंतर लॅबमध्ये रुमाल तिच्या डोक्याऐवजी खुर्चीच्या पाठीवरच असायचा.

एकदा दुपारी तिला घेरी आली, तेव्हा तो तिला घरी सोडायला गेला. आईनं दार उघडलं आणि त्याला नखशिखांत न्याहाळलं. हा कोण, आईनं डोळ्यांनीच विचारलं. बदलीवर आलाय, असं लेकीनं सांगितलं. कुणाच्या बदली, असं आईनं विचारलं. तो पाणीसुद्धा न पिता जिना उतरला, आणि आई खिडकीतून तो कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिली.

पण याच सुमारास तिचं केमोचं औषध बदललं, आणि बोटांना मुंग्या यायला लागल्या. आधी टोकांना, मग पेरापर्यंत. सकाळी कपड्यांची बटणं लागेनात. ब्रश हातात आहे की नाही, हे बघितल्याशिवाय कळेना. तिनं कुणाला सांगितलं नाही. डॉक्टर औषध थांबवतील अशी भीती, आणि साहेबांना कळलं तर ते दुसरंच काही थांबवतील अशी त्याहून मोठी. घरी ती दार लावून वाटीतले वाल बोटांनी उचलायचा सराव करायची. निम्मे जमिनीवर पडायचे.

मग एकदा सहा दातांचा ब्रिज तिच्या हातून निसटला. चांगला तीन दिवस खपून केलेला. फरशीवर पडला आणि दोन तुकडे झाले. आवाज ऐकून साहेब बाहेर आले. ती तोंड उघडणार, तोच तो स्टुलावरून उठला.

"माझ्या हातून पडला," तो म्हणाला.

साहेब दोन शब्द सुनावून आत गेले. ती त्याचा हात धरून त्याला जिन्यात घेऊन गेली. हात धरला हे तिच्या ध्यानातही आलं नाही, इतकी ती संतापली होती.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"त्यांनी तुम्हाला घालवलं असतं."

"मग मी भांडले असते. खुर्ची घेतलीत, ब्रश घेतलात, आता माझ्या चुकासुद्धा घेणार? मला राहू द्या काहीतरी. माझ्या हातून फुटलं, तर ते माझ्याच हातून फुटलंय."

ती तशीच साहेबांच्या खोलीत गेली आणि खरं काय ते सांगून आली. बोटांचंही सांगितलं. साहेबांनी सुस्कारा सोडला. तिनं आता लांब विश्रांती घ्यावी, असं ते म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी काकांकडून तिला कळलं, की साहेबांनी त्याला तिच्या जागी कायम करायचं विचारलंय.

संध्याकाळी ती जिन्याच्या खाली त्याची वाट बघत थांबली. बाहेर भुरभुर पाऊस लागला होता आणि रस्त्यावरचे दिवे नुकतेच उजळत होते.

"हो म्हणालात?" तिनं विचारलं.

"विचार करतो म्हणालो."

"विचार कसला करायचाय त्यात!"

"मला नोकरीची गरज आहे," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? आजवर कुठंच कायम झालो नाही. कुणी बाळंतपणाला जातं, कुणी पाय मोडून घेतं, तिथं मी जातो. ते परत आले की मी निघतो. पण तुमच्या जागी मला नकोय."

"मग कुणाच्या जागी हवंय?"

तो पावसाकडे बघत राहिला. "तुमच्या शेजारी..." तो हळूच म्हणाला. "स्टूल चालेल."

तिला हसू येत होतं आणि रडूही. दोन्ही नको म्हणून ती छत्री न उघडताच चालू लागली. तो मागून आला आणि आपली छत्री तिच्या डोक्यावर धरून बसथांब्यापर्यंत चालला. त्याचा अर्धा खांदा भिजला. तिनं तो बघितला नाही असं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी ती वाटाडी मावशीपुढे जाऊन बसली आणि बोटांचं सगळं ओकली. मावशी भडकली. इतके दिवस लपवून काय मिळवलंस, म्हणाली, इथं शूरपणाला बक्षीस नसतं. मग तिला त्याच आपल्या वेगानं डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी औषधाचं प्रमाण कमी केलं. बऱ्याच जणांची बोटं हळूहळू सुधारतात, महिने लागतात, पण खात्री देता येत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. वर, वेळेत सांगितलंस हे बरं केलंस, असंही. ते ऐकून मावशीनं तिच्याकडे डोळे वटारले.

परतताना मावशीनं विचारलं, की तिच्या कामात बोटांचं काम किती आणि डोळ्यांचं किती?

असा विचार तिनं कधी केला नव्हता. रंग ओळखायचा, दात किती पारदर्शक, कडेला कुठं निळसर, हिरडीपाशी कुठं पिवळसर, आकार कसा, खोट कुठं ठेवायची... हे सगळं डोळ्यांचं. पोर्सेलीनची पूड थर देऊन बसवायची, ते बोटांचं. बोटं सध्या रुसली होती. डोळे जागच्या जागी होते. आणि तिच्या टेबलाच्या कडेला दहा बोटं धडधाकट बसली होती.

ती दोघं मिळून साहेबांच्या खोलीत गेली. बोलली तीच. साच्याबरोबर येणाऱ्या चिठ्ठीवरून रंग ठरवण्याऐवजी ती स्वतः दवाखान्यांत जाईल, पेशंटचे दात प्रत्यक्ष बघेल, आणि दात घडवताना त्याच्या शेजारी बसेल. रंग जुळला नाही म्हणून परत येणारी कामं कमी होतील. बोटं सुधारली की ती पुन्हा ब्रश हातात घेईल. तोवर काम एक, माणसं दोन. आणि दोघांपैकी एकालाही ती घालवू देणार नव्हती.

साहेब चुळबुळले. दवाखान्यांत, लोकांसमोर, या अशा अवस्थेत...

"साहेब," ती म्हणाली, "माझ्याकडे बघून बोला. आल्यापासून तुम्ही एकदाही माझ्याकडे पाहिलेलं नाही."

साहेबांनी पाहिलं. मग पडलेल्या आवाजात म्हणाले, "काय बोलावं ते मला कळत नाही गं. म्हणून तुला आत बसवत होतो. डोळ्यांसमोर नसतीस तर बोलावं लागलं नसतं."

"काही बोलू नका," ती म्हणाली. "काम द्या."

त्यांनी काम दिलं. करून बघू, असं म्हणून दिलं, पण दिलं. ती दवाखान्यांत जायला लागली, रुमालाशिवायच. पहिलाच पेशंट एक वाहतूक पोलीस निघाला, पुढचा दात पडलेला. शिट्टी वाजवताना हवा निसटते आणि गाड्यावाले हसतात, अशी त्याची तक्रार होती. तो तिच्या डोक्याकडे टक लावून बघत बसला. तुमचा दात गेलाय, माझे केस गेलेत, तिनं सांगितलं, तुमचं आधी परत येणार आहे, तेव्हा आ करा. तो खदखदून हसला. हसला म्हणून तिला सगळे दात उजेडात दिसले, आणि त्याचा नवा दात असा जमला की तो लॅबच्या खाली येऊन शिट्टी वाजवून गेला. रंग चुकला म्हणून परत येणाऱ्या कामांचा डबा हळूहळू रिकामा राहू लागला. साहेबांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. फक्त एके दिवशी स्टूल जाऊन तिथं दुसरी खुर्ची आली, चांगली उंच.

शेवटच्या सलाईनला आई निघाली होती. आज दुसरं कुणी येतंय, असं तिनं सांगितलं. कोण ते आईनं विचारलं नाही. लोक काय म्हणतील, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं, लेकीकडे पाहिलं, आणि त्याऐवजी म्हणाली, की त्याला परतताना वर घेऊन ये, मागच्या वेळी पाणीसुद्धा न पिता गेला.

इस्पितळाच्या बाकावर दोघं नंबर पुकारण्याची वाट बघत बसली. सकाळची वेळ, व्हरांडा गच्च भरलेला. वाटाडी मावशी कुणाला तरी मागे घेऊन भरभर गेली, जाता जाता त्याच्यावर एक नजर टाकून.

"ऐक," ती म्हणाली. 'अहो' गळून पडल्याचं दोघांच्याही लक्षात आलं. "मी एकदाच बोलणार आहे. मधे बोलू नकोस. यानंतर किरणांचे उपचार आहेत. मग वर्षानुवर्षं तपासण्या... माझी डावी बाजू सपाट आहे. मूल होईल का, डॉक्टरांनाही माहीत नाही. माझं काही खरं नाही. आणि हे सगळं असताना तू मला आवडतोस. कीव येत असेल तर आत्ताच ऊठ आणि जा. मी रडणार नाही... म्हणजे रडेन, पण तुझ्यासमोर नाही."

"झालं?"

"झालं."

"माझं तरी कुठं काही खरं होतं?" तो म्हणाला. "मी सकाळी जिना चढायचो ना, तेव्हा कान द्यायचो. तू आली असलीस की कुणाशी तरी भांडत असायचीस. मग मी दोन-दोन पायऱ्या चढायचो. आणि आवाज नसला, तर... नुसती ती खुर्ची बघावी लागणार म्हणून तिथंच थांबायचो. याला कीव म्हणतात का, मला माहीत नाही."

तिनं मान हलवली. नाही, याला कीव म्हणत नाहीत.

त्यानं तिचा हात हातात घेतला. अलगद, भट्टीतून नुकताच काढलेला दात घ्यावा तसा.

"असा नको," ती म्हणाली.

"मग कसा?"

"जोरात धर. हळू धरलास तर मला कळत नाही."

त्यानं धरला. आता कळत होतं. पुरतं नाही, पण तळव्याला ऊब होती आणि त्याच्या अंगठ्याचा दाब होता. समोरच्या बाकावरच्या दोन बायका एकमेकींना कोपर मारून बघू लागल्या. आधी तिच्या डोक्याकडे, मग त्या हातांकडे. ती त्यांच्याकडे रोखून बघत राहिली. शेवटी त्यांनीच नजर वळवली.

आतून तिचा नंबर पुकारला गेला. पेशंटबरोबर कोण आहे, असं नर्सनं दारातून विचारलं.

"हा आहे," ती म्हणाली, आणि हात न सोडता उठली.